चौदा दिवसांचा पाहुणा

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला आरोपी कुठल्या गुन्ह्यातला, हे आठवायला वेळ लागतो. हे एक प्रकरण मात्र वेगळंच राहिलं. त्यात कुणाचं रक्त सांडलं नाही की कुणाचं कुलूप तुटलं नाही. कित्येक दिवस मला हेच कळत नव्हतं की गुन्हा घडला आहे का, घडला असेल तर कुठे, आणि यात फिर्यादी कोण व आरोपी कोण. त्यातली माणसं अजून तिथेच राहतात, म्हणून नाव कुणाचंच लिहिणार नाही.

दोन हजारच्या दशकाचा मध्य असावा. मी सहायक पोलीस निरीक्षक म्हणून अंबरनाथला होतो. एका दुपारी ठाण्यात फोन आला. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर त्या दिवशी आमचे जुने हवालदार बसले होते. हवालदार जवळच्याच गावातले, शेतकरी घरातले. त्यांनी फोन घेतला, दोन मिनिटं ऐकला आणि माझ्या खोलीत आले.

"साहेब, एका मानसाचा फोन होता. नाव सांगत नाय. म्हणतो, उल्हासनगरच्या एजंटचा एक ग्रुप मंगळवारी हाँगकाँगला जातोय. त्यात बुवापाड्यातला एक पोरगा हाय. त्याला थांबवा."

"का थांबवा?"

"तेच मी विचारलं. तर म्हणतो, म्हणजे बघा साहेब, तिकडे गेला की अडकंल. म्हणजे बघा, तुम्हीच थांबवू शकता. दर वाक्याला म्हणजे बघा, म्हणजे बघा. आन फोन ठेवला."

"घाबरलेला होता?"

हवालदारांनी जरा विचार केला. "घाबरलेला नाय. लाजलेला वाटला."

मी स्टेशन डायरीत नोंद करायला सांगितली, पण करायचं काय ते सुचेना. हाँगकाँगला जाणं हा काही गुन्हा नाही. निनावी फोनवरून कुणाचा प्रवास अडवता येत नाही. तरी एक गोष्ट खटकली. निनावी फोन करणारे बहुतेक जण कुणाला तरी पकडा असं सांगतात. कुणाला तरी वाचवा असं सांगणारा फोन मला तोवर आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी हवालदारांना घेऊन मी बुवापाड्यात गेलो. पोरगा सापडायला वेळ लागला नाही, कारण त्याचा परदेश प्रवास सगळ्या वस्तीला माहीत होता. एका बाईंनी लगेच बोट दाखवलं, "ते हाँगकाँगवाल्यांचं घर."

दोन खोल्यांचं नीटनेटकं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात नवी ट्रॉली बॅग, तिचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. घरात बहीण आणि भाऊ. बहीण तिशीची, एका खाजगी कंपनीत पॅकिंगला जाणारी. भाऊ चोविशीचा, आयटीआय करून एका कारखान्यात कंत्राटी फिटर होता. हाँगकाँगसाठी त्याने ते काम आठवड्यापूर्वीच सोडलं होतं. त्यांची आई त्या पावसाळ्यात वारली होती. बहिणीचा नवराही फिटरच, तो दीड-दोन वर्षांपासून हाँगकाँगला होता. भाऊ त्याला दाजी म्हणायचा. पुढे मीही सोयीसाठी दाजीच म्हणतो.

"व्हिसा आहे का तुझ्याकडे?" मी पोराला विचारलं.

"लागतच नाही साहेब. हाँगकाँगला आपल्या पासपोर्टवर डायरेक्ट एंट्री आहे."

"किती दिवसांची?"

"चौदा. पण एजंट बोलतो तिकडे गेल्यावर वाढवून मिळतात. दाजी नाही का राहिले?"

"दाजी म्हणाले का तुला ये म्हणून?"

आता बहीण बोलली. "तेच तर साहेब. ते म्हणतात, आत्ता पाठवू नकोस. का, ते सांगत नाहीत. दर रविवारी फोन येतो त्यांचा. विचारलं की विषय बदलतात."

"त्यांना वाटतं माझं पण चांगलं झालं तर त्यांची व्हॅल्यू राहणार नाही," भाऊ भिंतीकडे बघत म्हणाला. बहिणीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. हे भांडण त्या घरात आधी बऱ्याचदा झालं असणार.

"फोन दर रविवारी नेमाने येतो?" मी विचारलं.

"हो. मध्ये काही महिने नव्हता. तेव्हा एजंटचा माणूस येऊन सांगून गेला होता, लांबच्या बेटावर काम लागलंय, तिकडे फोनची सोय नाही. नंतर पुन्हा सुरू झाला."

बाहेर पडल्यावर हवालदार म्हणाले, "साहेब, चौदा दिवसाचा पाहुना दोन वर्सं कसा ऱ्हायला?" याचं उत्तर मलाही हवं होतं.

उल्हासनगरला माझ्या ओळखीचे एक वयस्कर सिंधी कापडव्यापारी होते. त्यांचे धाकटे भाऊ फार पूर्वीपासून हाँगकाँगला स्थायिक होते. मी त्यांच्या दुकानात जाऊन बसलो. त्यांनी गिऱ्हाइकाला जरा थांबायला सांगून मला नीट समजावलं.

"साहब, चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस. काही पोरं काय करतात, मुदत संपायच्या आत बोटीत बसून शेजारच्या मकाऊला जातात आणि दुसऱ्या दिवशी परत येतात. नवीन चौदा दिवस मिळतात. एकदा चालतं, दोनदा चालतं. मग तिकडचा ऑफिसर पासपोर्ट उलटून बघतो ना, त्याला सगळं कळतं. तो तीन-चार दिवस देतो आणि सांगतो, आता घरी जा. जो गेला तो टूरिस्ट. जो नाही गेला तो मुजरिम."

"मग काय होतं?"

"काम करता येत नाही, रूम नावावर घेता येत नाही, कुठे तक्रार करता येत नाही. सेठने पगार बुडवला तरी गप्प बसायचं. आणि पकडला तर कोर्ट, जेल, मग विमानात बसवून वापस. माझा भाऊ सांगतो, तिकडे वशिला चालत नाही."

म्हणजे दाजी तिथे बेकायदा राहत होता, एवढं स्पष्ट झालं. मग दर रविवारी निवांत फोन कसा करत होता? आणि आम्हाला फोन करणारा तिसरा माणूस कोण होता?

एजंटचं दुकान दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत होतं. तिथल्या वरिष्ठांना कळवून मी त्याला चौकशीला बोलावलं. तो इस्त्रीच्या शर्टात, हातात दोन मोबाइल घेऊन वेळेवर आला. वेळेवर येणारा माणूस एक तर निर्दोष असतो, नाहीतर वकिलाला विचारून आलेला असतो.

"साहेब, माझं काम काय? टिकिट, हॉटेल, साइटसीइंग. रिटर्न टिकिट देतो मी प्रत्येकाला. आता कोण तिकडेच थांबला तर मी काय त्याचा हात पकडून आणू?"

"बुवापाड्यातला तुमचा जुना प्रवासी सध्या कुठे आहे?"

"तो फिटर? असेल तिकडेच. आपला काही कॉन्टॅक्ट नाही."

"कॉन्टॅक्ट नाही, मग त्याला बेटावर काम लागलं हे तुमच्या माणसाला कसं कळलं?"

तो गप्प झाला. मीही काही बोललो नाही. चौकशीत ओरडण्याने जे होत नाही ते गप्प बसण्याने होतं, असा माझा अनुभव आहे. हवालदारांनी त्याच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. त्याने तो अर्धा प्यायला आणि मोबाइल उलटे करून टेबलावर ठेवले.

"साहेब, बेट वगैरे काही नाही. तो पकडला गेला. तिकडच्या जेलमध्ये आहे. त्यानेच निरोप पाठवला होता की बायकोला कळू देऊ नका. म्हणून मी माणूस पाठवून तसं सांगितलं. मी वाईट काय केलं?"

"आहे की होता?"

"आहे साहेब. सुटला असता तर माझ्या दुकानात येऊन भांडला नसता का?"

"आणि हे माहीत असून त्याच्या मेहुण्याला तुम्ही त्याच रस्त्याने पाठवताय."

त्याने उरलेलं पाणी संपवलं. त्याचा जबाब घेऊन, हद्द सोडायची नाही अशी समज देऊन मी त्याला जाऊ दिलं. फिर्याद नसताना त्याला बसवून ठेवता येत नव्हतं. फिर्याद देणारा एकच माणूस, आणि तो तुरुंगात. पण मग रविवारचे फोन?

"तुरुंगातून दर रविवारी बायकोला फोन?" हवालदारांनी डोकं खाजवलं. "आपल्याकडे तर मुलाखतीला नंबर लागत नाय. साहेब, मला तर वेगलाच संशय येतो. ह्यो मानूस जित्ता हाय का? दुसराच कोन तरी त्याच्या आवाजात बोलत असंल तर?"

खरं सांगायचं तर माझ्याही मनात ते येऊन गेलं होतं. मी बहिणीला ठाण्यात बोलावून आडून विचारलं. ती शांतपणे म्हणाली, "साहेब, नऊ वर्षं संसार केलाय. आवाज त्यांचाच आहे." तुरुंगाचं तिला काही सांगितलं नाही. अर्धवट माहिती घरच्यांना देऊ नये, हे मी फार आधी शिकलो होतो.

माझ्या प्रशिक्षणाच्या तुकडीतला एक अधिकारी तेव्हा मुंबई विमानतळावर इमिग्रेशनला होता. त्याला दाजीचं पूर्ण नाव, जन्मसाल देऊन विनंती केली. शनिवारी त्याचा फोन आला.

"तुझा माणूस परत आलाय."

"कधी?"

"सात-आठ महिने झाले. तिकडे शिक्षा भोगली, हद्दपार केला. आमच्याकडे चौकशी झाली, इथे काही गुन्हा नव्हता, सोडून दिला. एकटाच होता. हातात एक पिशवी होती, अशी नोंद आहे."

मी फोन ठेवला आणि सगळं कागदावर मांडून बघितलं. बायको म्हणते, हाँगकाँगला नोकरीत आहे. एजंट म्हणतो, हाँगकाँगच्या तुरुंगात आहे. विमानतळ म्हणतो, भारतात आहे. एका माणसाचे तीन ठावठिकाणे, आणि प्रत्येक सांगणारा आपापल्या परीने खरं बोलत होता. मंगळवारी विमान सुटणार होतं.

रविवारी सकाळी मी आणि हवालदार साध्या कपड्यांत बुवापाड्यात जाऊन बसलो. बहिणीला एवढंच सांगितलं की तुमच्या नवऱ्याशी दोन शब्द बोलायचे आहेत. भाऊ बाहेर गेला होता. तिने चहा दिला. अकराच्या सुमारास फोन वाजला.

ती नेहमीसारखं बोलली. तब्येत, पाणी, शेजारच्यांचं लग्न. मग म्हणाली, "हो, मंगळवारी जातोय तो. ऐकत नाही. तुम्हीच सांगा ना कारण." पलीकडून काही तरी बोलणं झालं. मी हवालदारांना खूण केली. त्यांनी तिच्या हातातून रिसीव्हर घेऊन कानाला लावला, क्षणभर ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. रिसीव्हरवर हात ठेवून हळूच म्हणाले,

"साहेब, ह्योच तो. म्हणजे बघा, म्हणजे बघा. आपल्याला फोन केलेला."

मी रिसीव्हर घेतला. माझी ओळख सांगितली. "त्या दिवशी ठाण्यात फोन तुम्हीच केला होतात."

त्याने फोन ठेवला नाही.

"कुठून बोलताय?"

"हाँगकाँगहून."

"तिकडे आत्ता किती वाजले?"

"दीड वाजत आला साहेब," तो लगेच म्हणाला. तेही बरोबर होतं. बायकोने कधी विचारलं तर चुकायला नको म्हणून तो मनात तिकडचं घड्याळ चालवत असे, हे त्याने मला नंतर सांगितलं.

"विमानतळावरची नोंद मी पाहिली आहे," मी आवाज खाली आणून म्हणालो.

पलीकडे कुठलं तरी ग्राइंडर चालू झालं आणि बंद झालं. मग त्याने विचारलं, "तिला ऐकू जातंय का?"

"नाही."

"बदलापूर. हेंद्रेपाडा. ग्रिलच्या शेडमध्ये काम करतो. फोनही इथलाच आहे."

मी फोन ठेवला. बाई माझ्या चेहऱ्याकडे बघत उभी होती. "काय म्हणाले?"

"त्यांना भेटून सांगतो."

"हाँगकाँगला जाऊन?" तिने विचारलं. मला तिच्याकडे बघवलं नाही. मी चप्पल घातली आणि निघालो.

हेंद्रेपाड्यात नव्या इमारतींच्या मागे पत्र्याची शेड होती. खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे बाहेर रचून ठेवलेले. दाजी दाराशीच उभा होता. पस्तिशीचा, मध्यम बांध्याचा, दाढी वाढलेली. पळून जायला त्याला भरपूर वेळ मिळाला होता, पण तो गेला नव्हता. त्याने माझ्यासाठी प्लास्टिकची खुर्ची पुसून ठेवली होती.

"अटक करणार का?" त्याने विचारलं.

"कशासाठी? इथे तुम्ही काही केलेलं नाही."

हे ऐकून त्याला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. उलट तो गोंधळला. शिक्षा झाली असती तर एकदाचं संपलं असतं, असं काहीसं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

मग तो बोलला. अंबरनाथचा त्याचा कारखाना बंद पडल्यावर एजंटने त्याला हाँगकाँगचं सुचवलं होतं. दोन वेळा मकाऊची फेरी झाली. तिसऱ्यांदा बंदरावरच्या अधिकाऱ्याने मोजके दिवस दिले. त्या दिवसांत परत यायचं त्याने ठरवलं होतं, पण ज्या गोदामात तो काम करायचा, तिथल्या मालकाकडे पगार अडकला होता. चार दिवस थांबू, पगार घेऊन निघू, असं म्हणून तो थांबला. मुदत उलटून गेली.

"म्हणजे बघा साहेब, आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काहीच फरक वाटला नाही. तेच गोदाम, तेच जेवण. वाटलं, बघितलं ना, काही होत नाही. पण मग रस्त्यावर पोलीस दिसला की मी वस्तू बघायला दुकानाकडे वळायचो. तिकडे प्रत्येकाच्या खिशात ओळखपत्र असतं. नसलेला माणूस चालीवरून कळतो, असं जुने लोक बोलायचे. दाढ दुखत होती, डॉक्टरकडे जायची सोय नाही. शेवटी मीच काढली."

"म्हणजे?"

"फिटर आहे ना. पक्कड होती."

त्याने तोंड उघडून दाखवलं. दाढेच्या जागी खड्डा होता आणि शेजारच्या दाढेचा तुकडा उडालेला होता.

एके दिवशी जिन्यात पोलिसांनी त्याला कागद विचारले. कोर्टात दुभाषा हिंदीत भराभर बोलत होता. कबूल आहे का एवढं कळलं, तो हो म्हणाला. काही महिने तुरुंग, मग बंदोबस्तात विमान.

"मुंबईत उतरल्यावर घरी का नाही गेलात?"

"गेलो होतो. बुवापाड्याच्या गल्लीपर्यंत गेलो. तिथे एक नवीन बिऱ्हाड आलेलं. त्यांच्या बाईला कुणीतरी पत्ता विचारत होतं, ती म्हणाली, हाँगकाँगवाल्यांच्या घराच्या पुढे. मी उलटा फिरलो. म्हटलं, चार दिवस कुठे तरी काम करू, हातात काही येऊ दे, मग जाऊ."

त्याचे ते चार दिवस आठ महिने झाले होते. हाँगकाँगला जसा अडकला तसाच तो एका स्टेशनाच्या अंतरावर, आपल्याच मुलखात अडकला होता. इथे तर मुदत घालणाराही कुणी नव्हता.

"मेहुण्याला खरं सांगितलं असतं तर?"

"सांगायचं ठरवायचो साहेब. दर रविवारी. पण फोन तीच घ्यायची."

मी त्याला सरळ सांगितलं की दोन गोष्टी हव्या आहेत. एजंटाविरुद्ध फिर्याद, आणि आजच्या आज मेहुण्याशी बोलणं. फिर्याद माझ्यासाठी, बोलणं त्याच्यासाठी. त्याने शेडचं शटर ओढलं आणि जीपमध्ये बसला.

संध्याकाळी माझ्या खोलीत बहीण-भावाला बोलावलं. दाजी बाकावर बसला होता. ती दारात थांबली. रडारड होईल असं धरून मी महिला शिपायाला शेजारी उभं केलं होतं. तसं काही झालं नाही. ती आत आली, समोरच्या खुर्चीवर बसली, आणि त्याला आपादमस्तक बघत राहिली. मीच थोडक्यात सगळं सांगितलं. ऐकताना तिची नजर त्याच्यावरून हलली नाही. मग तिने एकच प्रश्न विचारला.

"आई गेली तेव्हा तुम्ही बदलापूरला होता?"

"हो."

"मला म्हणालात, सुट्टी मिळत नाही."

"आलो होतो," तो म्हणाला. "लांब उभा होतो. तू पाहिलं नाहीस."

तिने पहिल्यांदाच नजर त्याच्यावरून काढली. भावाने मात्र तोंड उघडलं. "दाजी, मला नुसतं नको नको म्हणालात. कारण सांगितलं असतं तर मी नोकरी सोडली असती का?"

दाजीने मग त्याला सगळं सांगितलं. मकाऊ, गोदाम, दाढ, जिना, कोर्ट. मान खाली घालून, काही न वगळता. मला वाटलं, काम झालं. पण माणसांच्या बाबतीत पोलिसांचा अंदाज किती चुकतो ते तेव्हा कळलं. सगळं ऐकून पोरगा म्हणाला,

"तुम्ही पकडले गेलात म्हणून मी पण पकडला जाईन असं थोडीच आहे? मी चौदा दिवसांत परत येईन. साहेब, मला कायद्याने अडवता येतं का?"

मी खरं तेच सांगितलं. पासपोर्ट वैध, परतीचं तिकीट हातात, गुन्हा काही नाही. अडवता येत नव्हतं. हवालदार खिडकीबाहेर बघत होते.

बहीण उठली, पदर सारखा केला आणि भावाला म्हणाली, "जायचं तर जा. मला रविवारी फोन करू नकोस."

एवढंच. आवाज चढवला नाही, शपथ घातली नाही. ती बाहेर जाऊन व्हरांड्यात उभी राहिली. पोरगा बराच वेळ आपल्या हातांकडे बघत बसला. मंगळवारी तो गेला नाही.

त्याच संध्याकाळी दाजीची फिर्याद नोंदवली. फसवणूक आणि परवाना नसताना परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणं, अशी कलमं लावून एजंटला अटक केली. ग्रुपमधल्या बाकीच्यांच्या घरी आम्ही जाऊन आलो. काहींनी दार उघडून आभार मानले, काहींनी आमच्यामुळे पोराचं नशीब बुडालं म्हणून ऐकवलं. दोघे तरीही गेले. त्यातला एक मुदतीत परत आला आणि सगळ्यांना फोटो दाखवत फिरला. दुसऱ्याचं काय झालं ते मला कळलं नाही. एजंटला जामीन मिळाला, खटला लांबला, दरम्यान माझी बदली झाली. दाजीने कोर्टात साक्ष मात्र दिली, डगमगला नाही, असं हवालदारांनी कळवलं.

नवरा-बायको लगेच एकत्र राहायला लागले नाहीत. काही महिने तो हेंद्रेपाड्यातच होता. पुढे ती स्वतः जाऊन त्याला घेऊन आली म्हणे. त्यांच्यात काय बोलणं झालं ते विचारण्याचं मला काही कारण नव्हतं.

काही वर्षांनी दाजी मला भेटायला आला. दाढी गेली होती, अंगाने भरला होता. आखाती देशातल्या एका कंपनीच्या भरतीत तो हाताच्या कामात पास झाला होता, पण पासपोर्टवरचा हद्दपारीचा शिक्का बघून त्यांनी कागद परत केले. अर्जात एक प्रश्न होता, यापूर्वी कुठल्या देशातून काढलं आहे का. त्याने हो लिहिलं होतं.

"साहेब, हा शिक्का किती वर्षं धरतात हो?"

मी दोन-तीन ठिकाणी विचारलं. कुणी म्हणालं काही वर्षांनी बघत नाहीत, कुणी म्हणालं प्रत्येक देशाचं वेगळं, कुणी म्हणालं कायमचा. मी त्याला तेच सांगितलं, की मला माहीत नाही. तो चहा घेऊन गेला. नाराज दिसला नाही. इतक्या वर्षांत निदान एकाने त्याला खोटं रचून सांगितलं नाही, याचंच त्याला बरं वाटलं असावं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं की मी अडखळतो. परदेशाचा कायदा मी वाचून शिकलो असतो. पण मुदत उलटलेला माणूस पहिल्या दिवशी गुन्हेगार वाटत नाही, त्याला स्वतःलाही नाही, हे मला दाजीकडून कळलं. कायदा मोडण्याआधी तो घरच्यांशी एक छोटं खोटं बोलून चुकलेला असतो. तिथून परत फिरणं त्याला सर्वांत जड जातं. आम्ही पोलीस खोटं बोलणारा दिसला की त्याला आरोपीच्या रांगेत उभा करतो. त्या माणसाने दर रविवारी बायकोशी खोटं बोलत असतानाच मेहुण्याला वाचवण्यासाठी आम्हाला फोन केला होता. त्याला कुठल्या रांगेत उभा करायचा, ते मला अजूनही नक्की सांगता येणार नाही.

पुढे पासपोर्टच्या पडताळणीसाठी तरुण मुलं माझ्या टेबलासमोर येत. पत्ता, ओळख, गुन्ह्याची नोंद, एवढंच तपासायचं असतं. मी मात्र सही करण्याआधी एक प्रश्न जास्तीचा विचारत असे, "परत यायला उशीर झाला, तर घरी काय सांगशील?" बहुतेक जण हसत. काही म्हणत, उशीर कशाला होईल साहेब. बदलापूरची एक मुलगी मात्र हसली नाही. परिचारिकेच्या नोकरीसाठी ती निघाली होती. तिने थोडा वेळ घेतला आणि म्हणाली, "उशीर झाला असंच सांगेन." मी तिच्या कागदांवर सही केली आणि नेहमीपेक्षा जरा लवकर पुढे पाठवले.